तीनशे तेरावी चाचणी

हवाई दलातली तिची अठरा वर्षं एका खुर्चीत गेली, आणि ती खुर्ची जमिनीपासून आठ-नऊ किलोमीटर वर असायची. चार पंख्यांचं जुनं विमान, पाठीवर रडारची भलीमोठी गोल थाळी, आणि पोटात एका ओळीत बसलेले सहा जण. त्यांचं काम एकच. समोरच्या स्क्रीनवर डोळे लावून बसायचं आणि लांबून कोण येतंय ते खालच्यांना आधी सांगायचं. तिचे डोळे घारे, आणि नजर एकदा स्क्रीनवर बसली की चार-चार तास हलायची नाही. कुणीतरी तिला घारताई म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. घरी नवऱ्याला तिची चेष्टा करायची हुक्की आली की तोही तेच म्हणायचा.

एकोणिसाव्या वर्षी उजव्या कानाने दगा दिला. इतकी वर्षं पंख्यांची घरघर ऐकून तो कान निम्मा बंद पडला होता. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर शिक्का मारला, आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ती वर्दी उतरवून घरी आली. घरी शिलाई मशीन दुरुस्त करणारा नवरा आणि शाळेच्या शेवटच्या वर्षाला असलेली लेक. पहिल्या महिन्यात तिने नवऱ्याच्या दुकानातले सगळे स्क्रू आकाराप्रमाणे बरण्यांत लावले. दुसऱ्या महिन्यात बॉबिन. तिसऱ्या महिन्यात सुया. चौथा महिना लागला तसा नवरा म्हणाला, "तू कुठेतरी कामाला लाग. आता दुकानात लावून ठेवायला मी एकटाच उरलोय."

नेमकं त्याच सुमाराला हवाई दलाने थाळीवाली विमानं बदलायचं ठरवलं. सहा विमानं होती, त्यातली तीन उडायची. उरलेल्या तिन्हींचे भाग काढून काढून या उडणाऱ्या तिन्हींना लावलेले, त्यामुळे ती हँगरच्या मागे सापळ्यासारखी उभी. नवी विमानं एका मोठ्या कारखान्यात तयार होत होती. पण विमान बदलणं म्हणजे जुना फ्रीज काढून नवा ठेवणं नव्हे. नवं आलं की ते खरंच कामाचं आहे का हे तपासायचं, माणसांना ते शिकवायचं, आणि तोवर जुन्याचा श्वास चालू ठेवायचा. एवढी माणसं हवाई दलाकडे नव्हती, म्हणून हे काम एका कंत्राटदार कंपनीला मिळालं. कंपनीला जुनं विमान आतून ओळखणारी माणसं हवी होती. घारताईने अर्ज केला आणि आठवड्यात बोलावणं आलं.

पहिल्या दिवशीच तिला कळलं की आपण आता धड इकडच्याही नाही आणि तिकडच्याही नाही. गळ्यात कंत्राटी माणसांचं पिवळं कार्ड. ज्या फाटकातून अठरा वर्षं सलाम घेत आत गेली, तिथल्या पहारेकऱ्याने तिला थांबवलं. तो तिला चांगला ओळखत होता, म्हणूनच बिचारा जास्त अवघडला. "ताई, पिवळ्या कार्डाला सोबत वर्दीतलं कुणीतरी लागतं," तो म्हणाला. ती वीस मिनिटं बाकावर बसून राहिली. मग एक कारकून आला आणि तिला तिच्याच जुन्या तळावरचा रस्ता दाखवत घेऊन गेला. तिने गुपचूप रस्ता बघून घेतला.

कंपनीची खोली जुन्या कोठाराच्या मागे होती. खिडकी नाही, चार टेबलं, आणि दर दहाव्या कागदाला अडणारा एक प्रिंटर. कंपनीचा व्यवस्थापक मोठा नेटका माणूस. भिंतीवर, कपाटावर, दाराच्या आतल्या बाजूलाही त्याने कामाचं वेळापत्रक चिकटवलं होतं. साहजिकच त्याच्या पाठीमागे सगळे त्याला वेळापत्रक म्हणायचे. त्याने तिच्यासमोर एक जाडजूड गठ्ठा ठेवला. नव्या विमानाने पार करायच्या तीनशे बारा चाचण्या. "तुम्ही फक्त भाषा तपासायची. गोंधळाची वाक्यं सोपी करायची," तो म्हणाला.

तिने भाषा तपासली. पण अठरा वर्षं स्क्रीनपुढे बसलेलं माणूस नुसती भाषा कसं वाचेल? प्रत्येक चाचणी वाचताना तिच्या डोळ्यांपुढे ती चाचणी उडायची. सहाव्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की या तीनशे बारा चाचण्यांतलं प्रत्येक विमान एक तर सरळ समोरून येतं, नाही तर सरळ लांब जातं. आडवं कुणीच उडत नाही.

इथेच खरी गोम होती. हे रडार हलणारी वस्तू ओळखतं ती जवळ येतेय की लांब जातेय यावरून. एखादं विमान आपल्यापासून तेवढंच अंतर राखून आडवं जाऊ लागलं, तर रडारला वाटतं ते जागेवरच उभं आहे. मग ते त्याला डोंगर, घरं, झाडं यांच्यात जमा करून टाकतं आणि स्क्रीनवरचा ठिपका गायब होतो. विमान वळलं की ठिपका पुन्हा उगवतो. जुन्या विमानात असं झालं की ऑपरेटर मेणाच्या पेन्सिलीने काचेवर खूण करायचा, मनातल्या मनात त्या विमानाचा वेग आणि वळण धरून ठेवायचा, आणि ते कुठे उगवणार तिथे आधीच नजर लावून बसायचा. उगवलं की त्याला त्याचाच जुना नंबर द्यायचा. नव्या विमानात नंबर कॉम्प्युटर देणार होता. मग हरवून परत आलेल्याला कॉम्प्युटर कोणता नंबर देईल?

तिला सहाव्या वर्षातला एक सराव आठवला. आपलंच एक शिकाऊ विमान असं आडवं जाता जाता हरवलं आणि भलतीकडे उगवलं. खालच्यांनी त्याला अनोळखी धरलं आणि दोन लढाऊ विमानं त्याच्या मागे सोडली. तिच्या शेजारी बसलेल्या वरिष्ठ ऑपरेटरने त्याचा माग सोडला नव्हता. तो शांतपणे माइकवर म्हणाला, "तो आपलाच आहे. नंबर सतरा." सराव होता, कुणी गोळी झाडणार नव्हतं. तरी तो दिवस ती विसरली नव्हती.

तिने तीनशे तेरावी चाचणी लिहिली. तीन लहान विमानं, कमी उंचीवर, चाळीस मिनिटं आडवीतिडवी फिरणार. नंबर बदलता कामा नये.

वेळापत्रकाने ती वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ताई, हे यादीत नाही. जे यादीत नाही ते आपण तपासत नाही. कारखाना म्हणेल, कंत्राटदाराची बाई खुसपटं काढते."

"काढते म्हणू देत. खुसपट आहे की भोक आहे ते बघू."

"तारखा पुढे जातील."

"हरवलेल्या विमानात बसलेल्याला तारखेचं काय सांगणार आहात?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं आणि तो म्हणाला, "मूळ करारात आधार दाखवा. मी अडवणार नाही."

तिने अकराशे पानांचा करार उपसला. दहा दिवस लागले. नऊशे चौथ्या पानावर एक साधं वाक्य सापडलं: नवं विमान कुठल्याही बाबतीत जुन्यापेक्षा कमी पडणार नाही. हे वाक्य सगळ्यांनी वाचलं होतं आणि कुणीच मनावर घेतलं नव्हतं.

ते पान घेऊन ती आणि वेळापत्रक हवाई दलाच्या प्रकल्पप्रमुख बाईंकडे गेले. बाई मितभाषी. बैठकीला कारखान्याचे एक इंजिनिअरही होते, पन्नाशीचे, अतिशय सभ्य, बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय असलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मला तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण जुन्या विमानात ऑपरेटर नंबर धरून ठेवत होते याची नोंद कुठे आहे? काचेवरची पेन्सिल तर रोज पुसली जायची. आठवणींवर सॉफ्टवेअर बदलता येत नाही."

प्रमुख बाई घारताईकडे वळल्या. "पुरावा आहे?"

घारताईकडे पुरावा नव्हता. "मिळवते," एवढंच म्हणून ती बाहेर पडली. तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नवऱ्याच्या डब्यातली बटणं मांडली आणि लेकीला सगळा प्रकार समजावून सांगितला. निळं बटण वाटीमागे गेलं, बाहेर आलं, आता ते कोण? लेक म्हणाली, "निळंच ना. मी बघत होते." घारताई म्हणाली, "तू बघत होतीस. कॉम्प्युटर बघत नव्हता, आणि तू बघत होतीस हे मला सिद्ध करायचंय."

नवरा भांडी पुसत होता. तो म्हणाला, "माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, म्हणतं नव्या मशीनपेक्षा माझं जुनं बरं शिवायचं. मी वाद घालत नाही. एकच कापड घेतो, निम्मं या मशीनवर शिवतो, निम्मं त्या. मग बोलायची गरजच राहत नाही."

घारताईने बटणावरून नजर वर केली. एकाच आकाशात, एकाच वेळी, दोन्ही विमानं. हे तिच्या डोक्यात कसं आलं नाही याचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या विमानांच्या मिस्त्रीकडे गेली. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. या विमानांच्या पोटात त्याची हयात गेली होती. तो म्हणाला, "नवी आली की या तिघी कायमच्या उभ्या राहणार. एकीचे उडायचे अकरा तास शिल्लक आहेत. त्यानंतर मोठी तपासणी, आणि ती तर आता कुणी करणार नाही. पण तिच्या रडारच्या तारांची अवस्था बघा." त्याने एक पॅनेल उघडलं. तारेवरचं आवरण नखाने उकललं तरी भुकटी होऊन पडत होतं.

"किती दिवसांत होईल?"

"एकट्याला महिना."

कंपनीची पिवळ्या कार्डांची सहा माणसं त्याच्या हाताखाली आली. वेळापत्रकाने स्वतः ती मोकळी करून दिली आणि भिंतीवरच्या कागदावर नवा रकाना आखला. मागच्या सापळ्यांतून धडक्या तारा काढल्या, एकेक तपासली, एकेक ओवली. घारताई रोज तिथे उभी राहून कोणती तार कोणत्या स्क्रीनला जाते ते सांगायची. नकाशा न बघता सगळं तिला पाठ होतं. नऊ दिवसांत थाळी फिरली आणि स्क्रीन उजळल्या. मिस्त्री पाना खिशात घालत म्हणाला, "म्हातारीचे दात काढून म्हातारीलाच बसवले."

आता उरला तिचा कान. पुन्हा त्या खुर्चीत बसायला कोण परवानगी देणार? ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा नकाराचीच तयारी करून गेली होती. डॉक्टरांनी नियम उघडले. वर्दीतल्या माणसाला हा कान चालत नव्हता, कारण त्याला रोज उडायचं असतं. पण कंत्राटी तांत्रिक निरीक्षकाला वर्षातून दोन उड्डाणं चालत होती, कानांवर दुहेरी संरक्षण घेऊन. "तुम्ही अजून वर्दीत असता तर मला नाही म्हणावं लागलं असतं," डॉक्टर म्हणाले. पिवळ्या कार्डाकडे तिने पहिल्यांदाच प्रेमाने पाहिलं.

प्रमुख बाईंनी एक सकाळ दिली. फक्त एक.

ढग विरळ होते. नवं विमान आधी उडालं. लांबट, पांढरंशुभ्र, आवाज जवळजवळ नाहीच. त्यात प्रमुख बाई, इंजिनिअर आणि नवे ऑपरेटर. दहा मिनिटांनी जुनं विमान हादरत, खडखडत वर चढलं. घारताई तिसऱ्या खुर्चीत बसली. खुर्चीच्या डाव्या हाताची फट तशीच होती. हातात मेणाची पेन्सिल. इतक्या महिन्यांत सवय जाते का? नजर टिकेल का?

खाली टेकड्यांवर तीन लहान शिकाऊ विमानं आली. तिने त्यांना नंबर दिले. एक, दोन, तीन. पाचव्या मिनिटाला दोन नंबर आडवं वळलं आणि ठिपका विझला.

तिने खूण केली. वेग तेवढाच, वळण डावीकडे, टेकडीच्या कडेने. ती मोजत राहिली. एकोणीस, वीस, एकवीस. पेन्सिल काचेवर पुढे सरकली आणि थांबली. पेन्सिलीच्या टोकापासून करंगळीभर अंतरावर ठिपका उगवला.

"नंबर दोन," ती माइकवर म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

त्यानंतर तिला वेळ कसा गेला कळलं नाही. तिन्ही विमानांनी एकमेकांना ओलांडलं, दोन एकदम हरवली, एक नदीकाठाने खाली उतरून भलतीकडून वर आलं. पाठीला घाम सुटला होता आणि मान आखडली होती. चाळीस मिनिटांनी काचेवर मेणाच्या रेघांचं जाळं झालं होतं, आणि त्या जाळ्यात तीनच नंबर होते.

दुपारी दोन्ही विमानांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. जुन्या विमानात तीन विमानं, तीन नंबर, एकही बदल नाही. नव्या विमानात तीन विमानांना चाळीस मिनिटांत चौदा नंबर मिळाले होते, आणि चार वेळा कॉम्प्युटरने आपल्याच विमानाला अनोळखी ठरवलं होतं.

इंजिनिअरांनी नोंद दोनदा वाचली. या वेळी चष्मा पुसला नाही. "मी स्वतः स्क्रीनसमोर बसलो होतो," ते म्हणाले. "चौथ्या वेळी मीसुद्धा त्याला परकं समजलो. ही आमची चूक आहे. आम्ही दुरुस्त करू." मग ते घारताईकडे वळले. "पण तुम्ही नेमकं काय करता हे आमच्या माणसांना माहीत नाही. शिकवाल?"

पुढचे सात महिने ती दर महिन्याला आठवडाभर कारखान्यात जायची. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअरची माणसं वह्या उघडून बसली आणि तिने पिशवीतून बटणांचा डबा काढला. तिला गणित येत नव्हतं आणि त्यांना आकाश येत नव्हतं. सुरुवातीला दोन्हीकडच्यांच्या नाकी नऊ आले. "तुम्ही ठिपका गेला की त्याला विसरता," ती त्यांना सांगायची. "मी विसरत नाही. घरातलं माणूस बाहेर गेलं तर आपण त्याचं ताट उचलून ठेवतो का?" हळूहळू तिच्या बोलण्यातून त्यांनी नियम काढले. गेलेल्या ठिपक्याचा नंबर किती वेळ राखायचा, तो कुठे उगवू शकतो, शंका असेल तर कॉम्प्युटरने स्वतः न ठरवता ऑपरेटरला कसं विचारायचं. शेवटची सूचना तिचीच होती आणि त्यावरून सर्वांत जास्त वाद झाला. ती हटली नाही.

आठव्या महिन्यात चाचणी पुन्हा झाली. या वेळी घारताई नव्या विमानात बसली, हाताची घडी घालून, कारण तिला काही करायचंच नव्हतं. तीन लहान विमानं हरवली, उगवली, वळली, पुन्हा हरवली. दोनदा कॉम्प्युटरने विचारलं, "हा नंबर तीन का?" आणि नव्या ऑपरेटर मुलीने बोट टेकवून हो म्हटलं. चाळीस मिनिटं, तीन नंबर. इंजिनिअर शेजारी उभे होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

विमान ताब्यात घेण्याच्या दिवशी लांब टेबलावर कागद ठेवले होते. हवाई दलाची सही, कारखान्याची सही, दोनच जागा. प्रमुख बाईंनी सही केली, मग पेन न ठेवता पट्टी मागितली. दोन सह्यांच्या खाली त्यांनी हाताने एक सरळ रेघ ओढली आणि कागद घारताईपुढे सरकवला.

"बाई, कंत्राटी माणसाची सही चालत नाही," मागून वेळापत्रक पुटपुटला.

"तीनशे तेरावी चाचणी कुणी लिहिली?" बाईंनी विचारलं. तो हसला. "मग चालते," तोच म्हणाला.

तिने सही केली. दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीने पहिली टाळी वाजवली आणि मग सगळी खोली उठून उभी राहिली. घरी ती हे सांगत होती तेव्हा लेक तिला प्रत्येक वाक्य दोन-दोनदा सांगायला लावत होती, आणि नवरा, ज्याने आयुष्यात कधी कुणाचं कौतुक तोंडावर केलं नव्हतं, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पुढचे पंधरा दिवस विमानांबद्दल पकडून सांगत होता. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

नव्या ऑपरेटरांना शिकवायचं कामही कंपनीला मिळालं, दहा वर्षांसाठी. शिकवणारी कोण हे करारात लिहिलेलं होतं. कोठारामागच्या खोलीतून घारताईचा वर्ग धावपट्टीकडे तोंड असलेल्या इमारतीत गेला. तिथे खिडक्याच खिडक्या होत्या. पहिल्या तुकडीत बारा जण होते. तिने त्यांना चार महिने पिळून काढलं, आणि बाराच्या बारा पास झाले.

त्यांची पहिली खरी गस्त निघाली त्या सकाळी ती आणि मिस्त्री हँगरसमोर उभे होते. पांढरं विमान धावपट्टीवर सरळ धावलं, उचललं गेलं आणि बघता बघता ढगांत शिरलं.

"आवाजच नाही हो," मिस्त्री जरा नाराजीने म्हणाला. "उडाल्यासारखं वाटत नाही."

"मला तर कुठलंच तितकंसं ऐकू येत नाही," घारताई म्हणाली, आणि दोघंही मनापासून हसले. मग तिने घड्याळ पाहिलं. दुसऱ्या तुकडीचे चौदा जण वर्गात येऊन बसले होते, आणि पहिल्याच दिवशी उशीर करणं तिला शोभलं नसतं.